मालकिणीचा वाकडा पाय

माझ्या सासऱ्यांच्या खोलीचं दार वाजवायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. वाजवलं की मालकीण दचकते. कडी हळूच सरकवायची, अंग चोरून आत जायचं आणि दार लगेच लावून घ्यायचं, नाहीतर किडे घरभर होतात. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी ही शिकवणी झाली. मैत्रिणींना सासरी कुठलं भांडं कुठे ठेवायचं ते दाखवलं गेलं, मला रातकिडे कसे मोजायचे ते.

मालकीण म्हणजे शॅमेलिऑन, या खोलीतली तिसरी. येणारेजाणारे तिला सरडा म्हणतात आणि बाबा त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त करतात. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. मालकीण वीतभर लांब, पोपटी, डोक्यावर टोपी घातल्यासारखा उंचवटा, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. एक डोळा माझ्यावर, दुसरा बाबांच्या चिमट्यातल्या किड्यावर. माझ्या नणंदेची नजरही साधारण अशीच चालते, पण ती पुढे येईलच. "रंग बदलून दाखवा ना," असं कुणी म्हटलं की बाबांचं डोकं फिरतं. "तिला काय बटण आहे का?" असं विचारून ते समोरच्याला गप्प करतात.

पलीकडच्या पिंजऱ्यात हेडमास्तर, तिच्याच जातीचा नर. दोघांच्या मध्ये पुठ्ठा उभा केलेला. एकमेकांना दिसले की दोघंही रागाने काळेठिक्कर पडतात आणि दोन दिवस अन्नाला शिवत नाहीत. संसार असाच करावा, मध्ये पुठ्ठा ठेवून, असं बाबा माझ्या नवऱ्यासमोर मुद्दाम मोठ्याने म्हणतात. खाली जमिनीवर पोस्टमन नावाचं कासव. ते रोज सकाळी भिंतीच्या कडेकडेने फिरतं आणि प्रत्येक खुर्चीच्या पायाशी थांबतं, जणू काही सही घ्यायची आहे. आणि कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत ठिपक्यांची पाल. दिवसभर झोपते आणि संध्याकाळी बरोबर जेवायला उगवते, म्हणून तिचं नाव पाहुणी.

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. साठ-साठ सुटे भाग टेबलावर मांडायचे आणि न चुकता परत बसवायचे, हा त्यांचा हात. तो हात आता या खोलीत चालतो. सकाळी सातला दिवे लावायचे, एक उबेचा, एक उन्हाची कसर भरून काढणारी नळी. ही नळी उजेड देत असली तरी सहा महिन्यांनी बदलायची, कारण उजेड राहतो आणि गुण जातो. मग फवारणीची बाटली. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी पीत नाहीत. त्यांना पानावरचा थेंब लागतो, तोही हलणारा. बाबा कोमट पाणी फवारत दोनशेपर्यंत मोजतात, तेवढ्या वेळात मालकीण जीभ काढून निवांत थेंब चाटते. मग विष्ठा बघायची. पांढरं दिसलं तर ठीक, पिवळट-केशरी दिसलं तर पाणी कमी पडतंय. मग पोस्टमनला पाला चिरायचा. आणि साडेनऊला मुख्य कार्यक्रम. आठ रातकिडे एका बरणीत घ्यायचे, डब्यातली चमचाभर पांढरी पावडर वर टाकायची आणि बरणी अशी हलवायची की किडे पिठात घोळल्यासारखे पांढरे होतील. ही पावडर कॅल्शियमची. ती पोटात गेली नाही तर यांची हाडं मऊ पडतात. मग बाबा चिमट्याने एकेक किडा पुढे धरतात, आणि अंगाएवढ्याच लांबीची जीभ सटकन येऊन तो घेऊन जाते.

हे सगळं मी इतक्या बारकाईने सांगतेय म्हणून मी मोठी प्राणिप्रेमी असेन असं समजू नका. मला त्या खोलीचा राग होता. अख्ख्या घरात ती एकच खोली मोठ्या खिडकीची. मी पडदे शिवते. घरांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांचे. माझं मशीन मात्र बोळात, संडासाच्या दाराशेजारी. जाणारा येणारा प्रत्येक जण माझ्या कोपराला धक्का देऊन जातो. नऊ वर्षं मी दिव्याच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा शोधला, आणि त्याच काळात एका पालीला दिवसभर खिडकीजवळ झोप काढता आली. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. मनात मात्र रोज म्हणत होते.

थंडीच्या सुरुवातीला बाबांना ताप आला. चार दिवस ते उठू शकले नाहीत आणि सगळं काम माझ्या गळ्यात पडलं. बाबा अंथरुणातून हुकूम सोडत होते.

"पावडर संपत आली असेल. कपाटात वरच्या फळीवर पिशवी आहे, डावीकडची. डबा भरून ठेव."

"भरते. तुम्ही पडा आता."

"डावीकडची."

"अहो बाबा, ऐकलं मी!"

डावीकडची पिशवी घेतली, डबा काठोकाठ भरला आणि वर टिचकी मारून झाकण लावलं. स्वतःचं कौतुकही वाटलं. बरे झाल्यावर बाबांनी खोलीवरून एक नजर फिरवली आणि म्हणाले, "सूनबाई, तुला नोकरीवर ठेवायला हरकत नाही." आठवड्याभराने बरणी हलवताना ते एकदा पुटपुटले, "ही पावडर जरा निराळीच चिकटते." मी दारातूनच म्हटलं, "नवीन माल असेल." ते "असेल" म्हणाले आणि विषय संपला.

साडेतीन महिन्यांनी मालकीण फांदीवरून पडली.

आधी एकदा, मग त्याच दिवशी परत. पुढचा डावा पाय फांदीला धरताना बाहेरच्या बाजूला वाकत होता. जीभ अर्ध्यावर जाऊन लोंबत होती आणि ती परत आत ओढायला तिला कष्ट पडत होते. बाबांनी तिला फडक्यात गुंडाळून छातीशी धरलं. नणंदेकडे गाडी आहे, म्हणून तिला फोन केला. आम्ही तिघं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला. मला त्यातलं काही कळत नाही, पण हाडं असायला हवी होती तिथे धुरकट रेघा होत्या एवढं मलाही दिसलं. नळी केव्हा बदलली ते त्यांनी विचारलं. बाबांनी तारीख सांगितली, दोनच महिने झाले होते. या वर्षात हिने दोनदा अंडी घातलीत का, असं विचारलं. घातली होती. नर जवळ नसला तरी घालतात, आणि त्या अंड्यांना लागतं ते सगळं त्यांच्याच हाडांतून जातं.

"आजोबा, मी रागावत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हिच्या पोटात कॅल्शियम जात नाहीये. पावडर रोज दिली जाते का? अगदी खरं सांगा."

"रोज देतो. एकोणीस वर्षं देतोय."

"काही दिवस राहून गेले असतील का? होतं असं कधीकधी."

बाबा काही बोलायच्या आत नणंद पुढे सरकली. "डॉक्टर, हल्ली विसरतात ते. मागे किटली गॅसवर ठेवून झोपले होते. हिला माझ्या नावाने हाक मारतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. किटली खरीच जळली होती. पण किटली मीही दोनदा जाळली आहे, आणि मला कुणी डॉक्टरांसमोर तसं बोललं नव्हतं. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

मालकीण वाचेल, पण पाय सरळ होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. रोज सुईविना पिचकारीने औषध तोंडात सोडायचं, फांद्या खाली आणायच्या, पावडर चालू ठेवायची.

पुढच्या रविवारी घरात बैठक बसली. नणंद बोलत होती, माझा नवरा मान डोलवत होता. तो वाईट नाही, त्याला फक्त भांडण नको असतं. पलीकडच्या गावात असे प्राणी सांभाळणारी एक संस्था आहे, तिथला माणूस गाडी घेऊन येईल, दोन आठवड्यांनी रविवारी. बाबांना त्रास नको आणि मुक्या जिवांचे हालही नकोत.

"आणि तुलाही एकदाची खोली मिळेल," नणंद मला म्हणाली. "किती दिवस बोळात शिवणार?"

बाबांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं ते घर डोक्यावर घेतील. ते नुसते म्हणाले, "विसरत असेन तर मी ठेवता कामा नये. हाडं आहेत, घड्याळ नाही."

दुसऱ्या दिवशी सोमवार. मला एका हॉटेलच्या बावीस पडद्यांची ऑर्डर पुरी करायची होती. वरच्या चुण्या ताठ राहाव्यात म्हणून मी तिथे खळ लावते. रोजच्या वापरातली खळ संपली होती, म्हणून कपाटातून माझी राखीव पिशवी काढली. खळीची पूड गार पाण्यात कालवायची आणि उकळत्या पाण्यात सोडून ढवळायची. दोन मिनिटांत ती दाटते, काचेसारखी होते. मी दोन मिनिटं ढवळलं. पाच मिनिटं ढवळलं. पाणी दुधासारखं पांढरंच. गॅस मोठा केला. दहा मिनिटांनी ढवळणं थांबवलं तर सगळी पूड गपकन तळाशी जाऊन बसली, नदीतल्या वाळूसारखी. एका चुणीला लावून पाहिली, तर ती वाळल्यावर कापडावर नुसती पांढरी राख.

ही खळ नव्हती. मग खळ कुठे होती?

कपाट मी पावसाळ्यानंतर आवरलं होतं. दोन्ही पिशव्या सुट्ट्या मालाच्या, पांढऱ्या, सारख्याच जाडीच्या. बाबांच्या पिशवीला चिठ्ठी टाचलेली होती, फळी पुसताना ती गळून पडली आणि मी केराबरोबर काढून टाकली. पिशव्या परत ठेवताना डावी कुठली नि उजवी कुठली, याच्याशी मला काय देणंघेणं होतं? साडेतीन महिने बाबांनी रोज साडेनऊला, न चुकता, त्या जनावराच्या किड्यांना पडद्याची खळ लावून भरवली होती. ती निराळी चिकटते हे त्यांच्या बोटांना कळलं होतं. मीच नवीन माल म्हणून त्यांना गप्प केलं होतं.

आता इथे मी काय केलं ते नीट सांगते, कारण लपवायचं असतं तर ही गोष्ट सांगायलाच बसले नसते. बाबा दुपारचे झोपले होते. मी खोलीत गेले, डबा उचलला, खळ गटारात ओतली, डबा धुऊन पुसून कोरडा केला आणि त्यात खरं कॅल्शियम भरलं. उरलेल्या पिशवीला नवी चिठ्ठी टाचली. मग बाहेर येऊन पडदे शिवायला बसले, आणि कुणाला काही बोलले नाही.

जनावराचं नुकसान मी थांबवलं. माणसाचं चालू ठेवलं.

मनाला समजवायला कारणं पुष्कळ होती. बाबांचं वय झालंय, आज ना उद्या हे होणारच होतं. संस्थेत प्राण्यांना जास्त मोठे पिंजरे मिळतील. खरं कारण एकच होतं आणि ते मोठ्या खिडकीचं होतं. मंगळवारी बाबा दाढी करायला गेले तेव्हा मी टेप घेऊन भिंत मोजलीसुद्धा. सहा फुटांचं टेबल बसत होतं.

पण घर लहान आहे आणि मला कान आहेत. बुधवारपासून खोलीतून बाबांचा आवाज यायला लागला. "दिवा लावला. नळी लावली. पाणी मारलं, दोनशे झाले." प्रत्येक गोष्ट ते मोठ्याने म्हणत होते, स्वतःच्या कानांना साक्षीला ठेवल्यासारखे. साडेनऊला मला हाक यायची.

"सूनबाई, जरा ये. बघ, मी पावडर टाकतोय."

"बघितलं, बाबा."

"टाकली ना?"

"टाकली."

अर्ध्या तासाने परत दारात. "मी आज दिली ना ग? तू होतीस ना?"

आधी ते असे कधीच नव्हते. माझी थट्टा केल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरत नसे. माझ्या पडद्यांना ते हत्तीचे झगे म्हणायचे. ते सगळं बंद झालं. शेजारचे काका आपलं जुनं घड्याळ घेऊन आले, थोडं मागे पडतंय म्हणाले. बाबांनी ते कानाशी धरलं, ऐकलं, आणि परत त्यांच्या हातात दिलं. "नको. माझा आता भरवसा नाही." काका हसले, त्यांना वाटलं गंमत करतायत.

आणि एका सकाळी मी दाराशी गेले तर आतून पाढे ऐकू आले. सतरा साते एकशे एकोणीस. सतरा आठे एकशे छत्तीस. मालकिणीच्या तोंडात औषध सोडता सोडता माझे सासरे पाढे म्हणून आपलं डोकं तपासत होते. सतरा नव्वे म्हणताना अडकले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी तशीच मागे फिरले. मला इतकी लाज माझ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती. सांगावं असं त्या दिवशी चारदा ठरवलं आणि चारदा पुन्हा मशीनवर जाऊन बसले. जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड झालं, कारण आता चूक एकच राहिली नव्हती.

ठरलेला रविवार उजाडला. नणंद सकाळीच आली. अकराला संस्थेचा माणूस आला, पन्नाशीचा, शांत, हातावर ओरखडेच ओरखडे. त्याने पिंजऱ्यांकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "इतकी स्वच्छ ठेवलेली जागा मी क्वचित बघतो." बाबांनी मान हलवली. प्रत्येक प्राण्यासाठी त्यांनी एकेक कागद लिहून ठेवला होता.

"माझं अक्षर फार बारीक आहे, घड्याळजीचं," ते त्या माणसाला म्हणाले. "सूनबाईला लागतं. ती वाचून दाखवेल, काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा."

मी वाचायला लागले. पोस्टमनचा कागद. याला टोमॅटो आवडतो, पण लाडाने जास्त देऊ नये. उचलताना दोन्ही हात लावावेत, पाय अधांतरी राहिले की घाबरतो. हेडमास्तरचा कागद. याच्या समोर आरसा किंवा चकचकीत भांडं नको, स्वतःशीच भांडतो. पाहुणीचा कागद. ही रोज संध्याकाळी सातला बाहेर येते, तेव्हा कुणीतरी तिथे असावं. नणंदेने घड्याळात पाहिलं. मग शेवटचा कागद.

"मालकीण," मी वाचलं. "वय तीन वर्षं. हिचा पुढचा डावा पाय वाकडा आहे. ही आळशी नाही, चढायचा खूप प्रयत्न करते, फांद्या खाली ठेवाव्यात. पायाचा दोष तिचा नाही. मी तिला पावडर द्यायला..."

पुढचा शब्द समोर स्पष्ट दिसत होता. घड्याळजीच्या बारीक, सरळ अक्षरात. मला तो उच्चारता येईना.

"विसरलो," बाबांनी मदत केली. "विसरलो असं आहे ते."

"नाही," मी म्हटलं.

"तसंच आहे ग. मी लिहिलंय ना."

"लिहिलंय ते चूक आहे, बाबा. तुम्ही विसरला नाहीत. तुम्ही एक दिवससुद्धा विसरला नाहीत. डब्यात कॅल्शियम नव्हतंच. तुम्ही तापाने पडला होतात तेव्हा मी त्यात खळ भरली. माझी, पडद्यांची."

"हे बघ," नणंद म्हणाली, "बाबांची दया येते म्हणून त्यांना पाठीशी घालू नकोस. आपलं ठरलंय."

"मी कशाला पाठीशी घालू, ताई? मला ही खोली हवी आहे! टेबल कुठे ठेवायचं ते मी भिंतीवर मोजूनसुद्धा ठेवलंय. मला गप्प बसण्यातच फायदा होता आणि मी गप्प बसले होते."

नवरा माझ्याकडे पहिल्यांदाच बघतोय असं बघत होता. संस्थेचा माणूस हातातली पेटी हळूच खाली ठेवून भिंतीला टेकून उभा राहिला. असल्या वेळी कुठे बघावं हे त्याला बहुतेक सवयीने माहीत असावं, तो पोस्टमनकडे बघत होता.

बाबा स्टुलावर बसले.

"खळ?"

"हो."

"म्हणजे मी देत होतो?"

"रोज देत होतात."

"परत सांग."

"रोज साडेनऊला देत होतात, बाबा. एकही दिवस चुकला नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडतायत. हात काढले तेव्हा डोळे ओले होते, पण चेहरा असा दिसत होता जणू कुणीतरी त्यांच्या अंगावरून मोठं ओझं उचललं. मग ते नणंदेला म्हणाले, "ऐकलंस? ती चिकटत होती. मी म्हटलं होतं की ती निराळी चिकटते." खिडकीकडे तोंड करून नणंदेने नाक पुसलं. तिलाही वडिलांसाठी भीतीच वाटत होती, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी तिला निव्वळ आगाऊ समजत होते.

"मग न्यायचं की नाही?" संस्थेच्या माणसाने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "पण चहा घेऊन जा. मालकिणीची नखं जरा बघा, तुम्हाला अनुभव आहे."

सगळे चहाला बाहेर गेले. मी निघाले तसं बाबांनी मला थांबवलं.

"तुला कधी कळलं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "बैठकीनंतरच्या सोमवारी. तेरा दिवस झाले."

"तेरा दिवस." त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला, पाढ्यांचा असावा. "चूक झाली त्याचं काही नाही. माझ्याही हातून भलत्या घड्याळात भलता काटा गेलाय. पण तेरा दिवस तू मला माझ्या डोक्याला भिऊ दिलंस."

"हो."

"खोलीसाठी?"

"हो, बाबा."

"मग मागायची होतीस. नऊ वर्षांत एकदा तरी तोंड उघडायचं होतंस. मला वाटायचं तुला बोळच आवडतो, ऊबदार म्हणून."

मी तिथेच रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. रडून होईपर्यंत थांबले, आणि मग म्हणाले, "आता मी सांगतो ते ऐक. सत्तरी उलटलीय माझी. आज खळ होती. उद्या खरंच विसरेन. त्या दिवशी मला कुणीतरी सांगायला हवं. माझी मुलगी मी विसरायच्या आधीच सांगेल, आणि मुलगा विसरल्यावरही सांगणार नाही. तू सांगायचं. आणि त्याच दिवशी."

"सांगेन."

"तेराव्या दिवशी नाही."

"नाही, बाबा."

त्या आठवड्यात माझं मशीन खिडकीजवळ आलं. टेबल सहा नाही, चार फुटांचं. मशीनच्या हादऱ्याने मालकीण काळवंडते म्हणून बाबांनी पायांखाली रबराचे तुकडे बसवले. तरीही ती सुरुवातीला एक डोळा सतत माझ्यावर ठेवून असायची. पाय वाकडाच राहिला. पण खालच्या फांदीवरून ती आता स्वतःची स्वतः चढते, डाव्या पायाच्या जागी शेपटीचा आधार घेऊन, वेळ लावून. कॅल्शियमच्या डब्याला बाबा मला हात लावू देत नाहीत. मीही मागत नाही.

परवा सकाळी मी एका निळ्या पडद्याला अस्तर लावत होते. बाबांनी दिवे लावले, पाणी मारलं, पोस्टमनला पाला दिला. आठ किडे बरणीत घेतले आणि झाकण लावून बरणी हलवली. मग चिमट्याने पहिला किडा उचलून मालकिणीसमोर धरला. किडा तपकिरीच्या तपकिरी. पावडरीचा कणसुद्धा नव्हता त्याच्यावर.

मी मशीन थांबवलं. एक क्षण वाटलं, बोलू नये. हळूच उठावं, काहीतरी निमित्त काढावं, बरणी हातात घ्यावी. मग मी त्यांच्याकडे वळून बसले.

"बाबा, पावडर राहिली."

चिमटा हवेत थांबला. त्यांनी आधी किड्याकडे पाहिलं, मग बरणीकडे, मग माझ्याकडे. माझा चेहरा ते बराच वेळ बघत राहिले.

"खरंच विसरलो?"

"खरंच विसरलात."

ते स्टुलावर बसले. खिडकीतून ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. मी समजूत घातली नाही, किटलीची गोष्टही काढली नाही. मालकीण फांदीवर वाट बघत होती, एक डोळा त्यांच्यावर, एक माझ्यावर.

"बरं," बाबा म्हणाले, आणि किडा परत बरणीत टाकून डबा घ्यायला उठले.